दर तीन तासांनी

मालविना नॉर्वेला गेली, आईकडे, तीन आठवड्यांसाठी,
आणि पिंजरा आमच्या स्वयंपाकघरात ठेवून गेली.
आत करड्या रंगाची ससुली. नाव क्लुस्का.
आमच्याकडे क्लुस्का म्हणजे बटाट्याचा उकडलेला गोळा,
मधोमध अंगठ्याने खळगा पाडलेला, रस्सा थांबायला.
एर्नेस्ट पहिल्याच दिवशी म्हणाला,
हिच्या तर नावातच जेवण आहे.
मी हसले नाही.

शनिवारी तिने गवताला तोंड लावलं नाही.
रविवारी रेल्वेच्या बांधावरून खुडून आणलेली डँडेलियनची पानं
तशीच पडून कडांनी सुकत गेली.
कोपऱ्यात अंथरलेल्या वर्तमानपत्रावर एकही लेंडी नाही,
सगळ्या बातम्या कोऱ्या करकरीत.
पाठ वर काढून, डोळे अर्धे मिटून ती बसलेली,
आणि दात खात होती,
दारापर्यंत ऐकू यावे असे.

डॉक्टर पिएत्राशबाई म्हणाल्या, पोट थांबलंय.
सशाचं पोट थांबून भागत नाही.
त्यांनी हिरवी पूड दिली. कोमट पाण्यात कालवायची,
बिनसुईच्या पिचकारीने, पुढच्या दातांच्या मागून,
गालाच्या फटीत, थेंब थेंब,
दर तीन तासांनी. रात्रीसुद्धा.
"आणि पोट चोळा, हलक्या हाताने. कुठे ते दाखवते."
एर्नेस्ट म्हणाला, मला माहीत आहे.

त्याला माहीत आहे.
मांस चिठ्ठीवर मिळायचं त्या वर्षांत
आमच्या परसात बारा खुराडी होती.
शनिवारी खाणीतून वर आला की आधी आंघोळ, मग सुरी.
मागचे पाय खिळ्याला,
कातडं मोज्यासारखं खाली ओढलेलं.
मुलींना आम्ही सांगायचो, कोंबडी आहे.
थोरलीने एकदा ताटातले पाय मोजले.

तोच माणूस आता
रात्री तीनच्या गजराला उठतो.
मांडीवर टॉवेल, टॉवेलात क्लुस्का.
इथे जठर, इथून वळण, हे आंधळं आतडं,
बोटांना सगळं अजून तोंडपाठ,
फक्त आता मधे कातडं आहे.
अर्धी हिरवी पेज त्याच्या बाहीवर ओघळते.
पाळीवर उतरताना एकमेकांना म्हणायचे तेच
तो तिच्या कानात म्हणतो, देव बरं करो,
आणि मग जरा रागावून, गीळ गं, गीळ.

आमच्या मुली तापाने फणफणायच्या
तेव्हा तो रात्रपाळीला असायचा.
हे मी आता काढत नाही.
गरम पाण्याची बाटली भरून, फडक्यात गुंडाळून देते,
आणि अंथरुणावर पडून
दुसऱ्या खोलीतल्या दातांचा आवाज ऐकते,
वाढला की कमी झाला.

मंगळवारी, उजाडायच्या आधी, त्याने मला हलवून उठवलं.
एकतीस वर्षं हा जमिनीखालून काळं काढत होता,
कधी एक खडा घरी आणून दाखवला नाही.
आता तळहात माझ्या नाकासमोर,
त्यावर तीन लेंड्या,
मिऱ्यांहून लहान, वेड्यावाकड्या,
दोन तर केसाने एकमेकींना जोडलेल्या.
"बघ."
मी चष्मा शोधला, लावला, आणि बघितलं.

अजून तिने आपणहून काही खाल्लेलं नाही.
सहाला पुढची पिचकारी.
मालविनाने फोन केला तर काय सांगायचं
ते आम्ही ठरवलेलं नाही.
एर्नेस्ट खुर्चीतच झोपलाय, हात न धुता.

मी पार्सलीची एक काडी तिच्यापुढे ठेवली आहे
आणि ओट्याकडे तोंड करून उभी आहे,
बशी पुसत, पुसलेलीच परत पुसत.
कुणी बघत असलं की
आजाऱ्याला घास उचलायचा संकोच वाटतो.